पक्ष, साध्य, सिद्धता : चळवळीतल्या पोरांनी गणिताला पाठ का दाखवू नये?



गणिताचा आणि चळवळीचा काय संबंध, हा प्रश्न आम्हाला दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. कॉलेजातले काही जण म्हणतात, तुम्ही मोर्चे काढा, जयंत्या करा, गणित तुमचा प्रांत नाही. चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, समाज जळतोय आणि तुम्ही संच आणि उपसंच काय घेऊन बसलात? दोघांचंही उत्तर एकच आहे आणि ते या लेखात सविस्तर देण्याचा आमचा प्रयत्न आहे. आमचं म्हणणं असं की, सिद्धता लिहायला शिकणं हे आंबेडकरी काम आहे. ज्याला सिद्धता लिहिता येते, त्याला फसवणं कठीण जातं.

आम्ही म्हणजे पाच-सहा जण. पनवेलमधल्या एका कॉलेजात बीएस्सीला गणित घेतलेले. कोणी कळंबोलीतून येतं, कोणी तळोज्याहून, कोणी उरण रस्त्यावरच्या गावातून. कोणाचे वडील स्टील मार्केटमध्ये माथाडी, कोणाचे एमआयडीसीत कंत्राटी, कोणाची आई खारघरच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करते. आमच्यापैकी कोणाच्याही घरात याआधी कॉलेजचं गणित शिकलेलं माणूस नव्हतं.

"कोणताही" या शब्दाची ताकद

संच आम्ही नववीत शिकलो होतो, मराठीत. रिक्त संच, उपसंच, छेद, संयोग, पूरक संच, वेन आकृती. गोल काढायचे, त्यात आकडे भरायचे, मार्क मिळायचे. भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन मथळे टाकून प्रमेय लिहायचं, तेही बहुतेक शाळांत पाठ करून. पहिल्या वर्षाला तोच संच इंग्रजीतून परत आला, पण आता गोल चालेनात. मास्तर म्हणाले, आकृती म्हणजे सिद्धता नव्हे. का नव्हे, हे मात्र कोणी सांगितलं नाही. फळ्यावर एक ओळ यायची : "लेट एक्स बी अॅन आर्बिट्ररी एलिमेंट ऑफ ए." डिक्शनरीत आर्बिट्ररीचा अर्थ पाहिला तर "मनमानी". म्हणजे काय, मनमानी करणारा घटक? मराठी माध्यमातून आलेल्या पोराला भाषेचा डोंगर चढायचा आणि त्याच वेळी तर्काचाही, आणि वर ऐकायचं की याला "बेसिक" येत नाही. एका शिक्षकांनी तर सांगूनच टाकलं, "प्रूफ समजत नसेल तर पाठ करा, तुमच्याकडून पास होण्याचीच अपेक्षा आहे." "तुमच्याकडून" या शब्दावर त्यांनी दिलेला जोर आम्हाला बरोबर समजला.

आम्हाला वाट दाखवली ती वरच्या वर्गातल्या एका ताईने. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात बसायचो. प्लायवूडचा तुकडा काळा रंगवून फळा केला. ताईचा नियम एकच : जो फळ्यावर एक ओळ लिहील, त्याला बाकीच्यांनी विचारायचं, "कशावरून?" उत्तर तीनच प्रकारचं चालेल. एक, हे आपल्याला दिलेलं आहे. दोन, ही व्याख्या आहे. तीन, हे आधी सिद्ध झालेलं आहे. "सरांनी सांगितलं", "पुस्तकात आहे", "दिसतंच आहे ना" ही उत्तरं बाद.

"मनमानी"चा खरा अर्थही तिनेच सांगितला. आर्बिट्ररी म्हणजे कोणताही. एखादा संच दुसऱ्याचा उपसंच आहे असं दाखवायचं तर पहिल्या संचातला कोणताही एक घटक घ्यायचा, त्याला क्ष म्हणायचं, आणि तो दुसऱ्या संचात आहे हे दाखवायचं. अट अशी की, क्ष पहिल्या संचात आहे याखेरीज त्याच्याबद्दल काहीही गृहीत धरायचं नाही. तो मोठा की लहान, सम की विषम, कुठून आला, कोणाचा कोण, काही नाही. म्हणूनच ती सिद्धता त्या संचातल्या प्रत्येकाला लागू होते.

मित्रांनो, हा नियम नीट वाचा. आपल्या समाजात माणूस समोर आला की पहिला प्रश्न काय येतो? आडनाव काय? गाव कोणतं? कोणत्या आळीत राहता? म्हणजे क्ष समोर आला की त्याच्या अंगाला आधी हजार गृहीतकं चिकटवायची आणि मगच त्याच्याशी बोलायचं. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा भेटली की, जिथे क्षला आडनाव विचारणं ही तर्काची चूक ठरते. संविधानातली कायद्यापुढची समानता म्हणजे याहून वेगळं काय आहे? "कोणतीही व्यक्ती" हा शब्द कायद्यात येतो, तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो.

आकृती का चालत नाही, हेही तिथेच कळलं. अ आणि (ब संयोग क) यांचा छेद हा (अ छेद ब) आणि (अ छेद क) यांच्या संयोगाएवढा असतो, हे साध्य घ्या. गोल काढून तो भाग रंगवला की, आपण काढलेल्या त्या एका चित्रापुरतं दिसतं. सिद्धता अशी : क्ष हा डाव्या बाजूचा कोणताही घटक घ्या. म्हणजे तो अ मध्ये आहे, आणि ब किंवा क मध्ये आहे. ब मध्ये असेल तर तो अ आणि ब दोन्हीत आला. क मध्ये असेल तर अ आणि क दोन्हीत आला. दोन्ही प्रकारांत तो उजव्या बाजूला आला. झाली अर्धी सिद्धता. आता उजवीकडून डावीकडे यायचं. क्ष हा अ आणि ब दोन्हीत असेल, किंवा अ आणि क दोन्हीत असेल. कसंही असलं तरी तो अ मध्ये आहेच, आणि ब किंवा क मध्येही आहे. म्हणून तो डाव्या बाजूत आहे. दोन संच समान आहेत असं म्हणायचं तर दोन्ही दिशांनी चालून दाखवावं लागतं. एका दिशेने चालून समानता जाहीर करता येत नाही. "आम्ही तुम्हाला आमचेच मानतो" असं एकतर्फी म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

महाडची सिद्धता

पनवेलच्या पळस्पे फाट्यावरून गोवा हायवेला लागलं की, त्याच रायगड जिल्ह्यात, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यात, महाड आहे. चवदार तळ्याची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. तीच कथा पक्ष, साध्य, सिद्धता अशी मांडून पाहा.

पक्ष : 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत केला की, सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशी ठिकाणं अस्पृश्यांना खुली असावीत. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळं खुलं केल्याचा ठराव केला. साध्य : अस्पृश्यांना चवदार तळ्याचं पाणी घेता येतं. तर्काने पाहिलं तर दोन ओळींची सिद्धता. तरीही 1927 पर्यंत कोणाला पाणी घेता आलं नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी ती सिद्धता पायांनी चालून लिहिली. त्याची किंमत लोकांनी मार खाऊन मोजली.

पुढचा भाग आपण कमी सांगतो. विरोधक डिसेंबर 1927 मध्ये कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं : तळं सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांनी तिथे पाणी न घेण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे. आता "अनादी काळापासून" हे केवढं मोठं विधान झालं बघा! जो असं विधान करतो, त्यानेच ते सिद्ध करायचं असतं. खटला जवळजवळ दहा वर्षं चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की, अशी अनादी रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही. अपील फेटाळलं गेलं. शेकडो वर्षं ज्याला "परंपरा" म्हटलं गेलं, तिला कोर्टात कोणीतरी "कशावरून?" विचारलं, आणि ती उभी राहू शकली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, बाबासाहेबांच्या लढ्यात सत्याग्रह आणि सिद्धता या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. नुसत्या सिद्धतेने पाणी मिळालं नाही, हे खरं. पण सिद्धता नसती तर सत्याग्रहाने मिळवलेलं कोर्टात टिकलं नसतं.

आधी व्याख्या, मग वाद

ताईची दुसरी शिकवण : सिद्धता अडली की व्याख्येकडे परत जा. निम्म्या सिद्धता व्याख्या नीट लिहिली की आपोआप उलगडतात.

बाबासाहेब 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचतात. वय पंचवीस. म्हणजे आपल्यापेक्षा थोडंच मोठं. ते सुरुवातीलाच काय करतात? सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चार विद्वानांच्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात आणि एकेक तपासतात. कुठे लक्षणं जास्त झाली, कुठे कमी पडली, कुठे परिणामालाच कारण मानलं. आणि मग दाखवतात की जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे. त्याच निबंधात ते आणखी एक गोष्ट सांगतात की, जात एकटी असूच शकत नाही, जाती नेहमी अनेकवचनात असतात. संच शिकलेल्याला हे लगेच कळतं. एका मोठ्या संचाचे एकमेकांत न मिसळणारे तुकडे पाडले तरच "तुकडा" या शब्दाला अर्थ येतो.

पण इथे एक फरक आहे आणि तो आम्हाला वर्गात सममूल्य संबंध शिकताना उमगला. गणितात संचाची अशी विभागणी केली तर कोणताही तुकडा दुसऱ्याच्या वर नसतो. वर-खाली ठरवायला वेगळा संबंध लागतो, क्रमाचा. तो विभागणीतून आपोआप येत नाही, बाहेरून लादावा लागतो. जातीव्यवस्थेने माणसं वाटलीच, पण वाटून झाल्यावर त्यांना उतरंडीतही रचलं. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती ही. "प्रत्येक देशात गट असतातच" असं म्हणणाऱ्याला हे उत्तर द्या : गट असणं ही विभागणी झाली, उतरंड कुठून आली ते सांगा.

आणखी एक. संचाच्या भाषेत सगळं गणित मांडण्याच्या प्रयत्नाला ज्याने 1901 मध्ये आपल्या विरोधाभासाने हादरा दिला, तो बर्ट्रांड रसेल. त्याच रसेलच्या समाजरचनेवरील पुस्तकाचं परीक्षण बाबासाहेबांनी 1918 मध्ये लिहिलं, आणि जिथे पटलं नाही तिथे मतभेद स्पष्ट नोंदवला. नाव मोठं म्हणून मान डोलावली नाही. "कशावरून?" हा प्रश्न रसेललाही.

रिक्त संचाचं ढोंग

आता सगळ्यात कामाची गोष्ट. रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो. पहिल्यांदा हे ऐकलं की पोरं हसतात. सिद्धता अशी : समजा तो एखाद्या संचाचा उपसंच नाही. मग रिक्त संचात असा निदान एक घटक हवा, जो त्या संचात नाही. पण रिक्त संचात घटकच नाही. म्हणून आपलं "समजा" चुकीचं.

याचा अर्थ असा की, जे अस्तित्वातच नाहीत त्यांच्याबद्दल केलेलं "सर्व" असं कोणतंही विधान खरं ठरतं. आता एखादी संस्था अभिमानाने सांगते, "आमच्याकडे एकाही दलित प्राध्यापकावर अन्याय झालेला नाही." विधान खरं असेल! पण आधी विचारा, तुमच्याकडे दलित प्राध्यापक आहेत किती? उत्तर शून्य असेल तर ते विधान रिक्त संचाबद्दल आहे. तितकंच खरं हेही आहे की, त्यांच्याकडच्या प्रत्येक दलित प्राध्यापकावर अन्याय झालेला आहे. रिक्त संचाबद्दल दोन्ही खरं. "आमच्या सोसायटीत जात पाळत नाहीत, कोणाची तक्रारच नाही" हेही त्याच जातीचं विधान. घर भाड्याने देतानाच ज्यांना वगळलं ते तक्रार करणार कुठून?

खुला म्हणजे कोणाचा?

"गुणवत्तावाले" आणि "आरक्षणवाले" हे शब्द आपण रोज ऐकतो. असं बोलणारा गृहीत धरतो की, हे दोन संच विभक्त आहेत, त्यांचा छेद रिक्त आहे. छेद रिक्त आहे हे कोणी सिद्ध केलं? ज्याचं विधान त्याने सिद्धता द्यावी. आपण उगाच बचावात का जायचं?

दुसरा गैरसमज याहून पसरलेला आहे, आणि आपल्या पोरांमध्येही आहे. "खुला" म्हणजे आरक्षित प्रवर्गांचा पूरक संच, असं मानलं जातं. हे चूक आहे. खुल्या जागा सर्वांसाठी खुल्या असतात. आरक्षित प्रवर्गातला उमेदवार सवलत न घेता गुणवत्तेवर खुल्या जागेसाठी पात्र ठरला, तर त्याची गणना खुल्या जागेत होते, आरक्षित कोट्यात नाही. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात हे तत्त्व आहे. 2020 मध्ये सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं की, खुला प्रवर्ग हा कोणाचा राखीव कोटा नाही. दोन संच समान नाहीत हे दाखवायला एक घटक पुरतो, जो एकात आहे आणि दुसऱ्यात नाही. असा एकेक उमेदवार म्हणजे "खुला म्हणजे आमचा" या समजुतीचं खंडन आहे. भरतीची यादी लागली की मोबाईलवर नुसता कट-ऑफ बघू नका, कोणाला कोणत्या संचात टाकलंय ते तपासा. इथे नोकऱ्या जातात, मित्रांनो.

हा सुरा आपल्याकडेही वळतो

आता जे लिहितो आहोत ते काहींना आवडणार नाही. "सर्व" या शब्दाला पाडायला एक प्रत्युदाहरण पुरतं, हा नियम आपल्याही भाषणांना लागू आहे. "सगळे ब्राह्मण असेच" असं स्टेजवरून म्हटलं की टाळ्या पडतात. पण 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. विधान पडलं. आणि आपण जे खरं विधान करायला हवं होतं, व्यवस्थेबद्दलचं, तेही त्याच्यासोबत लोकांच्या नजरेत पडतं. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही हा शत्रू आहे असं सांगताना बाबासाहेबांनी ती एका जातीपुरती मर्यादित नसल्याचं मुद्दाम स्पष्ट केलं. ते व्याख्या करून बोलत होते.

तसंच फॉरवर्डचं. बाबासाहेबांचा फोटो, खाली कोणतंही वाक्य, आणि हजारो शेअर. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडशः छापली आहेत. वाक्य खरं असेल तर खंड आणि पान सापडेल. सापडत नसेल तर पुढे ढकलू नका. विरोधकाने एक खोटं वाक्य पकडलं की तो आपली शंभर खरी वाक्यं फेटाळतो. तथागतांनी कालामांना हेच सांगितलं : परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या. विहारात बसून "कशावरून?" विचारणारी आमची पोरं काही वेगळं करत नव्हती.

काही मित्र म्हणतात, हे तर्कशास्त्र वरच्यांचं हत्यार आहे. आमचा सवाल आहे, ज्यांनी आपल्याला शिकण्यापासून हजारो वर्षं दूर ठेवलं, ते हत्यार त्यांच्या मालकीचं झालं कधी? "पूरकांचा छेद आणि संयोगाचा पूरक एकच" हा नियम ज्याच्या नावाने शिकतो, तो ऑगस्टस डी मॉर्गन 1806 मध्ये मदुराईत जन्मला आणि धार्मिक शपथेवर सही करायला नकार दिल्यामुळे केंब्रिजच्या एमए पदवीला मुकला. तर्क कोणाच्या बापाचा नाही. जो ओळ लिहील आणि "कशावरून?"चं उत्तर देईल, त्याचा तो.

म्हणून विनंती आहे. तुमच्या वस्तीतल्या विहारात, समाजमंदिरात आठवड्यातून दोन संध्याकाळी एक फळा लावा. अकरावी-बारावीची, पहिल्या वर्षाची पोरं बसवा, मुलींना आग्रहाने बोलवा. पाठ करायला लावू नका. मराठीत बोला, मग इंग्रजीत लिहा. दोन्ही भाषा आपल्याच आहेत. प्रत्येक ओळीला "कशावरून?" विचारा. त्यातून सगळे गणितज्ञ होणार नाहीत. पण उद्या ग्रामसभेत, भरतीच्या रांगेत, कोर्टात कोणी "असंच चालत आलंय" म्हणालं, तर ही पोरं खाली मान घालणार नाहीत. ती पुरावा मागतील, आणि स्वतःचा पुरावा मांडतील.

जय भीम! जय संविधान!